कुंकवाचे चार ठिपके

वाईत माझी ओळख एकच आहे. माईक दिसला की मी उभा राहतो. लग्न, बारसं, सत्कार, निवृत्ती, काहीही असो. मे महिन्यात तिसाव्या की एकतिसाव्या लग्नात वरमाईचं कौतुक करताना माझा आवाज जो बसला तो उठेचना. घशाच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि आठ दिवस तोंड उघडायचं नाही, असा हुकूम सोडला. आमच्या घरात कुणी दहा मिनिटं गप्प बसलं की त्याला आजारी समजून काढा पाजतात. दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्या पोटात सात काढे होते.

तेवढ्यात विलास आला. हा माझा शाळेतला बाकसोबती. गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करणं हा याचा वीस-बावीस वर्षांचा धंदा. लोक त्याला डॉक्टर म्हणतात आणि तो आता कुणाची चूक दुरुस्त करत नाही. कवठे महांकाळच्या बाजूला एका दूध केंद्राचं काम बघतो, महिन्यातून दोनदा वाईला घरी येतो.

"माईक, चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. शाळेपासून तो मला माईकच म्हणतो. "चार दिवस गाईम्हशींत राहा. त्यांना तुझं भाषण नको असतं."

घरच्यांनी माझी पिशवी इतक्या झटपट भरून दिली की मला जरा वाईटच वाटलं.

शुक्रवार, दहिवडीच्या वाटेवर

विलासची व्हॅन जुनी. खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली. माझ्या दोन गुडघ्यांमध्ये त्याने नायट्रोजनची टाकी उभी केली. दुधाच्या किटलीची थोरली बहीण शोभेल अशी ही टाकी. उत्तम वळूंचं बीज काडीएवढ्या नळ्यांमध्ये भरून तिच्यात गोठवून ठेवलेलं असतं. पुसेगावच्या पुढे त्याने झाकण उघडून दाखवलं, तर आतून पांढरा धूर असा बाहेर पडला, की नाटकात देव प्रकट होताना सोडतात तोही फिका पडावा. मी टाळ्या वाजवल्या.

"आणि हे गुडघ्यावर सांडलं तर?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तर पुढची लग्नं बसून करायची."

पुढचे पस्तीस किलोमीटर मी मौन पाळलं.

माण तालुक्यात शिरलं की वाईकराला आधी नदी शोधायची सवय मोडावी लागते. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे कृष्णेच्या घाटावर जरा उशिरा जाणं. इथे उन्हाळा अंगावर येऊन बसतो आणि हालत नाही. चहाला उतरलो तर डांबर इतकं मऊ झालेलं, की माझी उजवी चप्पल रस्त्याला चिकटली आणि मी तिच्याशिवाय दोन पावलं पुढे निघून गेलो. टपरीवरचा म्हातारा म्हणाला, "पावणं, ऱ्हाऊ द्या तिला. सांजच्याला थंड झाली की सोडंल रस्ता." पण मी ती उचकटून काढली. तळ अर्धा रस्त्यावरच राहिला. तो बहुधा अजून तिथेच असेल.

मुक्काम विलासच्या थोरल्या बहिणीकडे, कमलताईंकडे होता. ताईंचे यजमान मुंबईत कापडाच्या दुकानात. घर, चार शेळ्या आणि एक म्हैस ताईंच्या हवाली. आम्ही पोचलो तेव्हा ताई म्हशीच्या पाठीवर ओलं पोतं टाकत होत्या. विलासने उतरल्या उतरल्या त्यांना माझ्या पिशवीची गोष्ट सांगून टाकली. जेवायला ज्वारीची भाकरी, मटकी आणि हुलग्याचं माडगं. वाईत कुणी मला हुलगे दिले असते तर मी ते घोड्यासाठी आहेत असं समजून परत केले असते. इथे मी तीन वाट्या माडगं प्यायलो आणि घसा उघडला. काढ्यांचं राज्य संपलं.

जेवता जेवता मुंबईहून यजमानांचा व्हिडिओ फोन आला. ताईंनी मोबाईल धरला.

"म्हशीनं वैरण खाल्ली का?" हा पहिला प्रश्न.

"खाल्ली. मीबी खाल्ली भाकरी, इचारलंत म्हणून सांगती," ताई म्हणाल्या.

"अगं तुला काय धाड भरलीया? ती माजावर आली का?"

"न्हाई. ओरडत न्हाई, काय न्हाई. नुसती उभी ऱ्हाती खांबावानी."

विलासने फोन घेऊन मेव्हण्यांना समजावलं. तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात उजेड पडला. एरवी गाय-म्हैस माजावर आली की हंबरते, खुंट्याला फिरते, चारा सोडते. साऱ्या गल्लीला कळतं. पण उन्हाने अंग भाजून निघालं की सगळा जीव नुसतं थंड राहण्यात खर्च होतो. मग माज येतो तो मुका. पहाटेच्या गारव्यात तेवढा दिसतो आणि ऊन चढलं की विरून जातो. माणूस उठून तोंड धुईपर्यंत वेळ टळलेली असते.

"आणि पावसात बरं असतं का?" मी विचारलं.

"पावसातलं कोयनानगरला बघितलंय की," विलास म्हणाला. त्याची पहिली नोकरी तिकडची. "तिथं आठ-आठ दिवस पाऊस उघडत नव्हता. गोठ्यात चिखल, खुरं कुजलेली. पाय दुखणारी गाय माज दाखवायला उड्या मारंल का? तुझा अंगठा सुजला तर तू बायकोला फिरायला नेशील?"

"मी अंगठा न सुजताही नेत नाही."

"म्हणूनच त्यांनी पिशवी लवकर भरली," कमलताई म्हणाल्या.

शनिवार, कवठे महांकाळ

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कवठे महांकाळच्या अलीकडे एका गावात पोचलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं ते गावाला अजून पुरतं माहीत नाही. वाटेत द्राक्षांचे मांडव आणि बेदाण्याची शेड. द्राक्षाचा बेदाणा कसा होतो हे पुस्तकात वाचलं होतं. माणसाचा कसा होतो, ते व्हॅनमध्ये कळलं.

आम्ही उतरलो ते अण्णांच्या दारात. अण्णा फौजेतून निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण मिशी अजून ड्यूटीवर आहे. त्यांच्या पत्नीला सगळं गाव आक्का म्हणतं. मुलगा बाहेरगावी नोकरीला. घरात ही दोघं, आणि तारा. तारा म्हणजे त्यांची काळी-पांढरी संकरित गाय. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून गोठ्यात तारा एकटीच.

गोठा पाहून मी थक्क झालो. नवा, लोखंडी, पत्र्याचा. अण्णांनी जुना पाचटाचा गोठा मोडून हौसेने बांधलेला. "एकदम बराकीवानी," ते अभिमानाने म्हणाले. मी आत पाऊल टाकलं आणि पाव का फुगतो ते मला समजलं. आक्कांनी ताराला आधीच बाहेर कडुलिंबाखाली बांधलं होतं.

"चार टायमाला भरवली, डॉक्टर," अण्णा म्हणाले. "तीन टायमाला उलटली. आता चौथ्याला वीस दिस होत आलं. ह्या टायमाला उलटली तर बाजार. ऑर्डर म्हंजे ऑर्डर. वांझोटी गाय दावणीला बांधून मी काय तिला सलाम ठोकू?"

भरवली म्हणजे वळूचं बीज घातलं, आणि उलटली म्हणजे गाभण न राहता एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली. हे मला विलासने कानात सांगितलं. पण आक्कांनी भाकरीचं ताट ज्या आवाजात खाली ठेवलं, त्याचा अर्थ सांगायला कुणाची गरज नव्हती.

"ह्यो शब्द ह्या घरात एकदा बोलून झालाय," आक्का म्हणाल्या. "दुसऱ्यांदा बोलायचा न्हाई."

अण्णांची मिशी खाली आली. ते पाणी आणायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

आक्का मला परका समजत नव्हत्या, की फार परका समजत होत्या, कोण जाणे. भाकरीवर खर्डा वाढता वाढता त्या सरळ बोलू लागल्या. "लगीन झाल्यावर नऊ वर्सं पोर न्हाई मला. ह्ये बाडरला. वर्सातनं एकदा सुट्टी, त्यात बी निम्मी देवदर्शनाला. पोर हुयाचं कसं? पर वांझ कोण? मी. सासू म्हणायची, जावा म्हणायच्या, आन् एकदा ह्येबी म्हणलं. मग बदली पुण्याला झाली, मला संगं न्हेलं. वर्सात पोरगं झालं." त्यांनी ताराकडे बघितलं. "तिला बोलता येत न्हाई म्हणून कायबी म्हणायचं व्हय?"

खर्डा तिखट होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळेच, असं मी सर्वांना सांगितलं.

रविवार

रविवारभर आम्ही ताराकडे बघत बसलो. मी क्रिकेटचे सामने पाहिलेत, निवडणुकीचे निकाल पाहिलेत, पण न ओरडणारी गाय बघण्याइतकी उत्कंठा कशातच नाही. ती हंबरली नाही की आक्का सुस्कारा सोडायच्या. तिने नुसती शेपटी हलवली तरी विलास उठून बसायचा. अण्णा पलीकडे बाजेवर पेपर वाचत होते. पेपर कालचाच होता आणि उलटा धरलेला होता.

दुपारी मी ओसरीवर आलो. भिंतीवर कॅलेंडर होतं. धंद्याची खोड अशी, की कुणाच्याही घरी गेलो तरी मी कॅलेंडर उलटून पुढचे मुहूर्त बघतो. ते बघताना मे महिन्याच्या एका चौकटीत कुंकवाचा ठिपका दिसला. मी मागे गेलो. एप्रिलमध्ये एक ठिपका. मार्चमध्ये दोन.

"आक्का, हे काय?"

"तारा माजावर आल्याला दिस. पेन कवा हाताला लागत न्हाई. कुंकवाची डबी लागती."

मी पानं पुन्हा उलटली. पुढे, मागे, पुढे. आपल्या कॅलेंडरात वार डाव्या बाजूला एकाखाली एक असतात आणि तारखा आडव्या चालतात. मार्चचे दोन्ही ठिपके एकाच ओळीत. एप्रिलचाही त्याच ओळीत. मेचाही. मी विलासला हाक मारली. आठवड्यात पहिल्यांदा माझा खरा आवाज निघाला.

"विलास, तू ताराला कधी कधी भरवलीस?"

त्याने वही काढली. "मंगळवार. मंगळवार. मंगळवार." मग जरा थांबून, "मंगळवार."

"आणि हे ठिपके सगळे सोमवारचे आहेत."

अण्णा खोकले. आक्कांनी पदर सारखा केला.

"अण्णा," विलास फार हळू म्हणाला, "दर टायमाला मंगळवारी सकाळी फोन करून तुमी सांगायचा, आत्ताच माजावर आली म्हणून."

"सोमवार हाय आमच्यात," अण्णा म्हणाले. "म्हादेवाचा वार. सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाई. जनावर भरवायला खोड्याच्या दांड्यांत अडकवत न्हाई. माझ्या आज्ज्यापासनं. आन् सोमवार पाळतो म्हणलं तर तुमी हसाल, म्हणून आक्का म्हणली, मंगळवारीच आली म्हणून सांगू."

"मी कवा म्हणलं?"

"तूच म्हणलीस."

विलास ओट्यावर बसला. रागवावं की हसावं, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. "आवं, लगीन सोमवारी आन् नवरदेव मंगळवारी! मला शिळ्या मांडवात बोलावताय व्हय दर टायमाला?"

आणि गंमत अशी की चूक एकदा झाली की सुटणार नव्हती. गाय एकवीस दिवसांनी माजावर येते. एकवीस दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे. एकदा सोमवार लागला की पुढचाही सोमवार, त्याच्या पुढचाही सोमवार. जणू ताराने महादेवाचा वार मुद्दाम निवडला होता.

"पर हिची आई?" अण्णा हरायला तयार नव्हते. "हिच्या आईलाबी सोमवार लागायचा. मंगळवारी भरवली तरी ऱ्हायची गाभण. तवा देव येगळा होता का?"

"देव त्योच होता, ऊन येगळं होतं," विलास म्हणाला. "तवा माज दीड-दोन दिवस पुरायचा. सोमवारचा मंगळवारी दुपारपर्यंत टिकायचा. आता मार्चपासनंच असं भाजतंय, की पहाटं चढतो न् सांजला उतरतो. वर तुमी तिला मंगळवारी अकरा वाजता उन्हातनं चालवत वेशीवरच्या खोड्यापर्यंत आणताय. ती तापलेली, मी तापलेला. गर्भ ऱ्हातोय कुठं? गाईत दोष न्हाई, अण्णा. आपण येळ चुकतोय."

आक्कांनी फक्त एकदा अण्णांकडे बघितलं. ते बघणं पंचेचाळीस वर्षांचं होतं.

उद्या सोमवार होता. एकविसावा दिवस.

सोमवार

मी अंगणात बाजेवर झोपलो होतो. तांबडं फुटायच्या सुमाराला जाग आली ती आक्कांच्या पावलांनी. त्या ताराजवळ वाकून उभ्या होत्या. तारा हंबरत नव्हती, उड्या मारत नव्हती. फक्त मान वर करून वारा हुंगत होती. तिच्या शेपटीखाली काचेसारखी स्वच्छ, चिकट तार लोंबत होती. आक्कांनी ती बघितली आणि ताराच्या पाठीवर कपाळ टेकलं. चौथा मंगळवारही वाया गेला होता.

मला वाटलं, आता या रडतील. त्यांनी डोकं वर केलं, पदर खोचला आणि हाक मारली, "डॉक्टर, उठा. आली."

अण्णा दारात उभे होते. कधीचे, ते कळलं नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. आयुष्यभर मी मुक्या प्रसंगात माईकवर काहीतरी बोलून टाकत आलो. त्या दिवशी मला डॉक्टरांचा हुकूम आठवला आणि तो मी तंतोतंत पाळला.

"मी देवळात जातो," अण्णा शेवटी म्हणाले. त्यांनी तांब्या घेतला, तुळशीशेजारच्या बेलाची पानं तोडली. "काम हुईपातूर म्हादेवापुढं हुबा ऱ्हातो. काय बोलायचं ते त्यो मला बोलंल. गाईला न् तुला काय बोलायला नगं." चार पावलं गेले, वळले. "आन् खोड्याकडं न्हेऊ नगा. ऊन लागंल तिला."

एरवी सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायचं, असा विलासचा शिरस्ता. पण या उन्हात संध्याकाळ भरवशाची नाही, म्हणून ऊन चढायच्या आत उरकायचं ठरलं. कडुलिंब आणि एक खांब यांच्यामध्ये ताराला बांधलं. आक्का तिच्या तोंडापाशी. बीजाची नळी कोमट पाण्यात वितळवायची असते, आणि त्या पहाटेसुद्धा घराच्या नळाला चहाचं आधण येत होतं. मग माठातलं थंड पाणी आणि नळाचं गरम पाणी मिसळून मी थर्मामीटर धरला. "थोडं थंड. अजून थोडं. थांब! आता बरोबर!" इतक्या बारीक आवाजात मी आयुष्यात निवेदन केलेलं नाही.

नायट्रोजनच्या टाकीतून धूर निघाला. कुंपणापलीकडून शेजारीणबाईंची मान वर आली.

"आक्का, आज सोमवार हाय की!"

"म्हाईत हाय," आक्का वळूनही न बघता म्हणाल्या. "कॅलेंडर माझ्या घरातबी हाय."

मान खाली गेली. विलासचं काम पाच मिनिटांत झालं. मग दिवसभर ताराला सावलीतून हलवलं नाही. ओली पोती, वाहता वारा, पुढ्यात पाणी. अण्णा आले ते घामाने भिजून. देवळाच्या दगडी फरशीवर ते अनवाणी उभे होते, सव्वा तास. आक्कांनी न विचारता त्यांच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं. ताराच्या पाठीवर ओतत होत्या, त्याच बादलीतलं.

निघताना त्यांनी माझ्या पिशवीत बेदाणे भरले. अण्णा म्हणाले, "पावणं, बाजाराची ऑर्डर तात्पुरती रद्द." 'तात्पुरती' या शब्दावर आक्कांनी बादली आपटली. "रद्द," अण्णांनी सुधारणा केली.

नंतर, वाईत

एकवीस दिवसांनी मी सकाळपासून फोन उशाशी घेऊन होतो. कुणाच्या लग्नाच्या मुहूर्ताचीही मी इतकी वाट पाहिलेली नाही. दुपारी आक्कांचा आवाज आला, "काय दिसलं न्हाई." मी ओरडलो. विलासने मात्र मला झापलं. मुका माज असू शकतो, दोन महिने उलटून हात घालून बघितल्याशिवाय पेढे वाटायचे नाहीत.

आणखी तीन आठवडे गेले. पुन्हा सोमवार. पुन्हा काही नाही. त्यानंतरचा सोमवारही कोरडा गेला. पाऊस लागला होता. अण्णांनी पत्र्यावर उसाचं पाचट पसरून त्यांची बराक झाकली आहे, अशी बातमी आली.

मग एका सकाळी विलासचा व्हिडिओ फोन. पडद्यावर ताराचं ढुंगण, विलासचा खांद्यापर्यंत गायब झालेला हात आणि आभाळाकडे लागलेले त्याचे डोळे. पाठीमागे आक्का, हात जोडून, ओठ घट्ट मिटून. मी माझ्या स्वयंपाकघरात उभा, आणि माझ्या पाठीमागे माझं सगळं घर.

"गाभण," विलास म्हणाला.

आक्का तिथेच खाली ओल्या जमिनीवर बसल्या आणि ताराचा पाय धरून राहिल्या. तारा त्यांच्या डोक्यावरचा पदर चाटत होती.

मग पडद्यावर मिशी आली. "पावणं, ऐकू येतंय का?"

"येतंय, अण्णा. बोला."

"तीन सोमवार झालं, गाय खुंट्याला एकदम गप. हूं न्हाई का चूं न्हाई." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "माझ्यापरीस कडक सोमवार आता तीच पाळती, बगा."